एकेचाळीस नंबरची जोडी

सानिताने त्या माणसाकडे दोनदा वळून पाहिलं, त्याला कारण होतं. बाहेर पाऊस पडत होता, बसथांब्याचं छप्पर दोन ठिकाणी गळत होतं, माणूस नखशिखांत भिजला होता, आणि त्याचा रेनकोट मात्र त्याच्या अंगावर नव्हता. तो त्याने एका स्केटबोर्डच्या फळीला घातला होता. चांगला बाह्यांसकट, गळ्याशी गाठ मारून, लहान मुलाला घालावा तसा.

"सर्दी तिला नाही, तुम्हाला होईल," सानिता न राहवून म्हणाली.

त्याने मान वळवली. नाकावर ओघळलेलं पाणी फुंकरीने उडवलं. "माझी सर्दी आठ दिवसांत बरी होते. हिला गंज चढला तर?"

"बेअरिंगला चढेल. ती बदलायची. ढिगाने मिळतात."

"बेअरिंग मिळतील हो. पण हे..." तो थांबला. मग चोरीचा माल दाखवावा तसं इकडेतिकडे पाहून त्याने रेनकोटचं टोक जरासं वर केलं.

सानिताच्या हातातली पावाची पिशवी घसरता घसरता राहिली.

फळीखाली चाकं धरून ठेवणारा जो धातूचा जोड असतो, त्याला स्केटबोर्डवाले ट्रक म्हणतात. दुकानातले ट्रक साच्यात ओतलेले असतात, सगळे एका आईची लेकरं. हे तसले नव्हते. ॲल्युमिनियमच्या भरीव ठोकळ्यातून कोरून काढलेले, कडेला अंशांच्या बारीक रेघा. दोन बोल्ट सैल केले की पुढचा कोन वेगळा, मागचा वेगळा, हवा तसा बदलता येणारे. शंकूंच्या रांगेतून नागमोडी उतरायच्या शर्यतीसाठीच केलेले. कोपऱ्यात एक ‘उ’ ठोकलेला होता, आणि खाली आकडा: ४१.

"पाहिलंत?" तो कुजबुजला. "जगात अशा साठ-पासष्ट जोड्या आहेत फक्त. वर्षाला आठ होतात. मी तीन वर्षं नंबर लावून बसलो होतो. तुमच्या या सिगुल्दा गावात उल्दिस मिस्त्री म्हणून एक म्हातारे आहेत, एकटे, सगळं स्वतःच्या हाताने करतात. काय हात असेल त्या माणसाचा! त्यांनाच भेटायचंय मला."

सानिताचे कान गरम झाले. कारण चाळीस नंबरपर्यंतच्या जोड्या उल्दिस मिस्त्रींनी केल्या होत्या, हे खरं. पण नंतर म्हाताऱ्याचा हात कापायला लागला. एकेचाळिसावी जोडी सानिताने केली होती. एकटीने. पहिलीवहिली. आणि त्यानंतरच्या सगळ्याही.

"मागचा कोन अडतीसवर ठेवून तुम्ही जिवंत इथवर आलात, हेच नवल," ती म्हणाली.

"काय म्हणालात?"

"मागचा तिसाच्या वर नेऊ नये. शेपूट फार वळवळायला लागली की माणूस पडतो. कोणी सांगितलं तुम्हाला असं ठेवायला?"

"कोणी नाही. फळी डावीकडे ओढते, म्हणून सगळे कोन करून पाहिले मी." तो आता तिच्याकडे नीट बघत होता. त्याचे डोळे हिरवट होते, आणि भिजलेल्या पापण्यांमुळे उगाच भोळे वाटत होते. "तुम्हाला यातलं बरंच कळतं की!"

इथेच तिने सांगून टाकायला हवं होतं. एका वाक्याचं काम. पण "काय हात असेल" हे शब्द अजून कानात गोड वाजत होते, आणि ते दुसऱ्याच्या नावाने का होईना, अजून थोडे ऐकावेसे वाटत होते...

"मी त्यांच्याकडे कामाला आहे," ती म्हणाली. खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.

त्याचं नाव राइविस. वाल्मिएराहून आला होता. सरकारी मोजणीदार, या आठवड्यात गौया नदीकाठच्या जंगलाची हद्द मोजायची होती आणि शनिवारी इथल्या उतारावरच्या शर्यतीत उतरायचं होतं.

बस आली. पाऊस अजून होताच. राइविसने तिच्या पिशवीकडे पाहिलं. "राईचा पाव दिसतोय. रेनकोट त्याला घालू का? भिजला तर वाया जाईल."

"आणि तुमची फळी?"

"ती समजूतदार आहे."

बसमध्ये चढताना सानिता हसत होती, आणि ते लपवायला तिने तोंड खिडकीकडे वळवलं. काचेत सगळं दिसत होतं, हे तिच्या लक्षात आलं नाही.

*

"उद्या एकजण येतोय," तिने कारखान्यात शिरताच जाहीर केलं. कारखाना म्हणजे उल्दिसच्या सफरचंदाच्या बागेमागची लांबट खोली. हिवाळ्यात बर्फावरच्या घसरगाड्यांच्या पोलादी पट्ट्या घासून द्यायच्या, उन्हाळ्यात ट्रक करायचे. "मिस्त्री, तुम्ही फक्त बसायचं आणि मान हलवायची."

"मान कशाला?" उल्दिसने ताकाच्या पेल्यातून डोकं वर काढलं. वय शहात्तर, एक कान बहिरा, दुसरा सोयीप्रमाणे. "माझा हात हलतो तेवढा पुरे आहे."

दुसऱ्या दिवशी राइविस आला तो वर्तमानपत्रात गुंडाळलेला धुरी दिलेला मासा घेऊन, भांग पाडून. उल्दिसचा कापरा हात त्याने दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"मिस्त्री, एक विचारू? तुम्ही ट्रकमधले रबरी बुश किती कडक घालता?"

"भरपूर," उल्दिस म्हणाला. त्याचं लक्ष माशाकडे होतं.

"पुढे मऊ, मागे कडक, असं मिस्त्रींचं म्हणणं असतं," सानिता मागून म्हणाली.

"तेच माझं म्हणणं."

"आणि ही कड! बोट फिरवलं तर लोण्यासारखं लागतं. पॉलिश कशाने करता?"

"थुंकीने."

"मिस्त्री!"

"जुन्या काळी थुंकीनेच करायचो. आता ही काय वापरते, देव जाणे."

"ही?" राइविसने मागे वळून पाहिलं.

"मी जे आणून देते ते, असं म्हणायचंय त्यांना," सानिता घाईने म्हणाली आणि खोकल्याचं निमित्त करून खिडकी उघडायला गेली. खिडकीशी तिचे खांदे हलत होते. हसू आवरेना. राइविस मात्र वहीत लिहून घेत होता: पुढे मऊ, मागे कडक.

तो गेल्यावर उल्दिसने मासा सोलायला घेतला. "पोरगा बरा आहे. त्याच्याशी खोटं का बोलतेस?"

"खोटं कुठे बोलले?"

"दोनदा सांगितलं तुला, स्वतःचं अक्षर ठोक म्हणून. माझा ‘उ’ आता म्हातारा झालाय."

गिऱ्हाइकांना तुमचंच नाव हवं असतं, असं सानिता नेहमी सांगायची. पण खरं कारण वेगळं होतं. काम चांगलं झालं तर मनातल्या मनात ते आपलं होतंच. आणि वाईट झालं, तर त्यावर आपलं नाव नसतं. अशी सोय हातची सोडावीशी वाटत नव्हती, इतकंच.

*

गुरुवारी लख्ख ऊन पडलं. टेकडीमागचा डांबरी उतार शर्यतीसाठी मोटारींना बंद केला होता. दोन्ही कडांना ल्युपिनची जांभळी फुलं गुडघ्याएवढी वाढली होती. सानिता शंकू मांडायला आली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं, पण राइविसने तसं म्हटलं नाही.

फळीवर चढला की हा वेगळाच माणूस होई. पायांत घोटाळणारा, बोलताना अडखळणारा मोजणीदार कुठल्या कुठे जाई; गुडघे जरा वाकवून, कंबर पाण्यातल्या माशासारखी हलवत तो नारिंगी शंकूंच्या मधून सुळसुळत खाली येई. टक, टक, टक — चाकांचा ठेका तिला पाठ होऊन गेला. दहा शंकू अगदी बरोबर. अकरावा, डावा, उडाला.

पुन्हा. पुन्हा अकरावा नाही, तर तेरावा. पण डावाच.

"तुमचं आणि डाव्या शंकूंचं काही जुनं वैर?" तिने शंकू उचलून देत विचारलं.

"प्रेम आहे. एकतर्फी. मी जवळ जातो, ते कोलमडतात."

"मग जरा लांबून करावं प्रेम."

"लांबून मला जमत नाही," तो म्हणाला, आणि शंकू घ्यायला पुढे केलेला त्याचा हात तिच्या बोटांवर क्षणभर जास्त राहिला. दोघांनीही शंकूकडे पाहिलं. शंकूत पाहण्यासारखं काही नव्हतं.

मग गवतात बसून, पाव आणि मुळे खाताना त्याने सांगितलं. ही जोडी आली त्या वर्षापर्यंत तो देशात दुसरा यायचा. पण नवी फळी बांधल्यापासून डावीकडे तोल जायला लागला. वाटलं, जुना दुखरा गुडघा. डॉक्टरांना काही सापडलं नाही. दोन मोसम तसेच गेले. गेल्या वर्षी तर त्याने अर्ध्यातच नाव काढून घेतलं.

"तुम्ही मोजणीदार ना? कधी ट्रक मोजून पाहिले नाहीत?"

"उल्दिस मिस्त्रींचे? चर्चच्या घंटेचं वजन कोणी करतं का!" तो हसला, पण हसू लवकर विझलं. "ही शेवटची शर्यत माझी, सानिता. परवाही असंच झालं तर फळी भिंतीवर टांगणार. गुडघा म्हणतो तसं ऐकायचं आता."

सानिताने फळी आपल्याकडे ओढली. "आज फळी माझ्याकडे ठेवा. मिस्त्री तपासतील एकदा."

"जपून हं."

"पाळण्यात निजवते."

*

ग्रॅनाइटच्या सपाट पाटावर तिने मागचा ट्रक ठेवला आणि मापाच्या डायलचं टोक त्यावरून फिरवलं. काटा हलला. तिने पाट पुसला, ट्रक पुसला, चष्मा पुसला. काटा पुन्हा तेवढाच हलला.

एक दशांश मिलिमीटर. केसाच्या जाडीहून किंचित जास्त. ज्यावर चाकांची आस बसते ते भोक तेवढं तिरकं पडलं होतं.

तिला तो दिवस आठवला. ऑक्टोबरातला शुक्रवार, पहिल्यांदा एकटीने चालवलेलं मशीन, रेडिओवर गाणं आणि आपणही मोठ्याने गात असलेलो. पकडीत ठोकळा आवळण्याआधी खालचा धातूचा कीस झाडायचा असतो. एखादा कण खाली राहिला असणार. आणि शेवटचं मोजमाप? ते तिने घेतलंच नव्हतं. घाई होती. आनंद झाला होता.

गुडघा नव्हता तर. त्याचे दोन मोसम तिच्या त्या एका कणाने खाल्ले होते.

उल्दिसने वाकून डायल पाहिला. "माझ्या हातून याहून मोठ्या चुका झाल्यात."

"त्या तुमच्या नावावर झाल्या."

"ही पण माझ्याच नावावर आहे," म्हातारा शांतपणे म्हणाला आणि कापऱ्या बोटाने कोपऱ्यातला ‘उ’ दाखवला.

सानिता स्टुलावर बसली.

*

शुक्रवारी सकाळी ती सायकल घेऊन नदीकाठच्या कुरणात गेली. राइविस तिपाईवर यंत्र लावून उभा होता. तिला पाहून त्याचा चेहरा असा उजळला, की तिला परत फिरावंसं वाटलं.

"देवानेच पाठवलं तुम्हाला! मापाचा दांडा धरायला आज कोणीच नाही. त्या ओकच्या झाडापाशी जाऊन उभ्या राहाल? फक्त सरळ धरायचा." आणि तिला काही बोलू न देता त्याने तिच्या हातात दांडा आणि वॉकीटॉकी दिली.

ओल्या गवतातून शंभर पावलं चालून ती ओकखाली उभी राहिली. यंत्रामागे त्याचं डोकं एवढंसं दिसत होतं. हातातली वॉकीटॉकी खरखरली.

"थोडं डावीकडे... अजून... बस्स. काय स्पष्ट दिसता तुम्ही या भिंगातून! नाकावर ग्रीसचा ठिपका आहे. पुसू नका, राहू दे."

शंभर पावलांवरून सांगणं सोपं जाईल, असं तिला वाटलं. तिने बटण दाबलं.

"राइविस, ऐका. मधे बोलू नका. तुमची जोडी उल्दिस मिस्त्रींनी केलेली नाही. मी केली. तीन वर्षांतल्या सगळ्या मीच केल्या आणि त्यांचं अक्षर ठोकलं. आणि तुमच्या मागच्या ट्रकचं भोक तिरकं आहे. एक दशांश. माझी चूक. तुमच्या गुडघ्याला काही झालेलं नाही. कधीच नव्हतं..."

तिने बटण सोडलं. काही आलं नाही. नुसती खरखर. कुठेतरी कोकीळ बोलत होता. त्या भिंगातून तो आपला चेहरा जवळून, अगदी जवळून पाहतोय, हे तिला आत्ता आठवलं. शंभर पावलं काही उपयोगाची नव्हती.

"दांडा वाकडा झालाय," शेवटी आवाज आला. "सरळ धरा."

तिने सरळ धरला. त्याने तीन मापं घेतली.

"झालं. आभारी आहे. जाऊ शकता तुम्ही."

ती परत आली तेव्हा तो वहीत आकडे लिहीत होता. मान वर न करता एवढंच म्हणाला, "म्हणजे बुधवारी मी लिहून घेत होतो तेव्हा... तुम्ही खिडकीशी हसत होतात."

"हो," ती म्हणाली.

सायकलपर्यंत जाताना तिने नाकावरचा ग्रीसचा ठिपका बाहीने खसाखसा पुसून काढला.

*

त्या दुपारी रेडिओ बंद होता. नवा ठोकळा पकडीत घालण्याआधी तिने कीस तीनदा झाडला, मग फुंकर मारली, मग बोट फिरवून पाहिलं. उल्दिस खुर्ची ओढून शेजारी बसला. मधेच उठून बीटचं गार गुलाबी सार घेऊन आला.

"खा. पोटात काही नसलं की हात चुकतो."

"तो येणारच नाही उद्या."

"त्याच्यासाठी करतेयस?"

"नाही. चुकीचं गेलंय म्हणून करतेय." तिने दोन चमचे सार घेतलं. "...त्याच्यासाठीही."

संध्याकाळच्या जेवणाआधी ट्रक पाटावर आला. तिने डायल फिरवला. काटा जागचा हलला नाही. तिने तुकडा फिरवून चारही बाजूंनी पाहिलं. काटा निजल्यासारखा पडून होता.

उल्दिसने अक्षरांच्या खिळ्यांची लाकडी पेटी आणली. ‘उ’चा खिळा ठोकून ठोकून काळा पडला होता. त्याने त्याच्याकडे न पाहता शेवटच्या खणातून ‘स’ काढला. कधीच न वापरलेला, चकचकीत.

"मिस्त्री, लोक काय म्हणतील?"

"जे म्हणायचं ते तुला म्हणतील. मी बहिरा आहे."

तिने हातोडी उचलली आणि एकाच घावात अक्षर बसवलं.

*

शनिवारी राइविस आला होता. उताराच्या माथ्यावर, सगळे चाकांना फिरकी देऊन पाहत असताना हा खिशात हात घालून उभा होता. फळी तिच्याकडे होती ना! सानिताने ती त्याच्यासमोर धरली.

"मागचा नवा आहे. सव्वीसवर ठेवलाय. चालवा, नाहीतर टांगा. पण खोट्या कारणासाठी टांगू नका."

त्याने फळी उलटी करून ट्रक पाहिला. अंगठा ‘स’वर फिरवला.

"काल दिवसभर मी राग मोजत बसलो होतो," तो म्हणाला. "नक्की कशाचा आलाय ते कळेना. दोन मोसमांचा नाही आला. गुडघा धड आहे म्हटल्यावर मी कुरणात एकटाच उड्या मारून पाहिल्या, तुम्ही गेल्यावर. राग याचा, की मी त्या म्हाताऱ्याच्या हाताची आरती ओवाळत होतो आणि तो हात माझ्या मागे उभा राहून हसत होता."

"तुम्हाला हसत नव्हते." ती थांबली. "थोडं तुम्हालाही. पण तुम्ही कौतुक करत होतात ते ऐकायला इतकं बरं वाटत होतं, की... मला ते सोडवेना. एवढंच आहे."

तो खिशातून पाना काढून बोल्ट एकदा आवळून पाहायला लागला.

सानिता तडक शर्यतीच्या टेबलाकडे गेली आणि जिंत्राबाईंच्या हातातला भोंगा मागितला. जिंत्राबाई या शर्यतीच्या सर्वेसर्वा. भोंगा त्या नवऱ्यालाही देत नसत. सानिताच्या चेहऱ्याकडे पाहून दिला.

"मी सानिता. उल्दिस मिस्त्रींकडे असते." आपलाच आवाज टेकडीवरून परत येताना ऐकून तिने भोंगा दोन्ही हातांनी धरला. "एकेचाळीस नंबरपासून पुढच्या सगळ्या जोड्या मी केल्यात. एकेचाळीसमध्ये चूक निघाली. इथे ज्यांच्याकडे माझ्या जोड्या असतील, त्यांच्या आज इथेच तपासून देते. बाकीच्यांना पत्र लिहीन. माझ्या नावाने."

मग स्वीडनहून आलेल्या एका दाढीवाल्याने विचारलं, "माझी त्रेपन्न?"

"मीच."

"आजवरची सगळ्यात चांगली आहे माझी," तो म्हणाला आणि शिरस्त्राण घालून निघून गेला. येल्गावाहून आलेला एडमुंड मात्र हसला नाही. "तीन वर्षं आम्हाला म्हाताऱ्याच्या नावाने पत्रं लिहिलीत तुम्ही." "हो. चुकलं माझं," ती म्हणाली. त्याने थोडा वेळ तिच्याकडे रोखून पाहिलं आणि आपली फळी तिच्यासमोर टेबलावर आदळली. तिने ती तपासली. बिनचूक होती. त्याने ती उचलली, जाता जाता गुरगुरला, "पुढच्या वर्षी अजून एक हवीय. नंबर लावा माझा."

घडीच्या खुर्चीत बसलेल्या उल्दिसने समाधानाने मुळा कडकन चावला. "आता तरी लोक मला कोन विचारायचे थांबतील."

राइविस पहिल्या फेरीत उतरला तेव्हा सानिताने डोळे मिटून घेतले. ती फक्त चाकं ऐकत होती. टक, टक, टक... अकरा. तेरा. वीस. ठेका तुटला नाही. एकही शंकू पडला नाही. दुसऱ्या फेरीतही नाही. खाली पोचून तो वर बघत उभा राहिला, आणि इतक्या लांबूनही तिला कळलं, तो फलकावरची वेळ बघत नव्हता.

उपांत्य फेरी त्या स्वीडिश दाढीवाल्याशी. दोन रांगा, दोघं बरोबर सुटले. अर्ध्यापर्यंत राइविस हातभर पुढे होता. लोक ओरडत होते, जिंत्राबाई भोंग्यातून काय बोलत होत्या ते त्यांनाही कळत नव्हतं. एकोणिसाव्या शंकूला त्याचं मागचं चाक लागलं, शंकू भेलकांडला आणि आडवा झाला. पडलेल्या शंकूमागे वेळ वाढते. तेवढ्यातच गेली शर्यत.

हरलेला माणूस फळी काखेत मारून धावत चढ चढत आला. धापा टाकत, लालबुंद, कानापासून कानापर्यंत हसत.

"सानिता! पाहिलंस? उजवा होता! उजवा!"

"हरलास की रे तू!"

"माझ्या चुकीने हरलो. घाई केली मी. माझी, माझी स्वतःची चूक!" एवढ्या आनंदाने आपली चूक सांगणारा माणूस त्या टेकडीने पाहिला नसेल. "पुढच्या वर्षी दुरुस्त करतो. आता कळलंय काय करायचं ते."

आपण ‘तू’ म्हणालो, हे मग दोघांच्याही एकाच वेळी लक्षात आलं. परत ‘तुम्ही’वर जायला कोणी तयार नव्हतं.

"मी तो ट्रक," सानिता ल्युपिनच्या तुऱ्याशी खेळत म्हणाली, "चूक सुधारायची म्हणून केला. असं मिस्त्रींना सांगितलं मी."

"आणि?"

"आणि तुझ्यासाठी केला. तू बोलायचा नाहीस पुन्हा, असं धरून केला. तरी तुझ्यासाठीच."

राइविसने फळी गवतात ठेवली. अगदी अलगद. मग दोन्ही हात मोकळे झाल्यावर त्यांचं काय करावं ते त्याला कळेना. तिने ते आपल्या हातांत घेतले. तिच्या तळव्यांना तेलाचा वास होता, बोटांच्या टोकांना बारीक घट्टे. त्याने ते एकेक करून पाहिले.

"काय हात आहेत..." तो म्हणाला, आणि या वेळी कोणाचे ते त्याला ठाऊक होतं.

खालून बक्षीस समारंभाच्या टाळ्या ऐकू आल्या. दोघांपैकी कोणीच तिकडे पाहिलं नाही.

"परवा सण आहे," ती थोड्या वेळाने म्हणाली. "मिस्त्रींच्या बागेत सगळे जमतात. शहाजिऱ्याचं चीज, बिअर, ओकच्या पानांचे मुकुट. येशील?"

"येईन."

"आणि मग लोक जातात रानात... फर्नचं फूल शोधायला." हे मात्र तिने त्याच्याकडे न बघता सांगितलं. फर्नला फूल येत नाही, हे इथे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. तरी वर्षातल्या त्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या रात्री जोडप्यांमागून जोडपी ते शोधायला जातात, आणि परत आल्यावर कोणी कोणाला ‘सापडलं का’ म्हणून विचारत नाही.

राइविसने घसा साफ केला. "मी दहा वर्षं जंगलं मोजतोय. फर्नला फूल नसतं."

"माहितीय मला."

"म्हणजे शोधायला वेळ लागेल."

"लागेल खरा."

"मग सोमवारची रजा टाकतो."

"सोमवार-मंगळवार सगळ्या देशालाच सुट्टी आहे, राइवी."

त्याने मनाशी काहीतरी हिशेब केला. मोजणीदारच तो. "मग बुधवारची टाकतो," तो म्हणाला.